औषध देवडीत अडकतं तेव्हा

वर्षातून दोनदा टोचून घ्यायचं आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायचं, असं एक इंजेक्शन आता अनेक देशांत मिळतं. इन्क्लिसिरान त्याचं नाव. युरोपने त्याला २०२० च्या डिसेंबरात मान्यता दिली, अमेरिकेने २०२१ च्या डिसेंबरात. कातडीखाली टोचलेलं हे औषध रक्तात उतरतं आणि काही तासांत यकृतात जाऊन बसतं. वाटेत ज्या रक्तातून ते जातं त्यात अब्जावधी पांढऱ्या पेशी तरंगत असतात. औषध अक्षरशः त्यांच्या अंगावरून वाहतं, आणि तरी त्या कोरड्याच्या कोरड्या राहतात.

इन्क्लिसिरानचं त्यात काही बिघडत नाही, त्याला यकृतच हवं असतं. पण ल्युकेमिया घ्या, एचआयव्ही घ्या, किंवा शरीराची संरक्षणफळी शरीरावरच उलटते ते आजार घ्या. तिथे दुखणं पांढऱ्या पेशींतच असतं. यकृतासाठी जमलेलं तंत्र तिथे वापरायला गेलं की गाडी अडते. औषध ज्यांच्या सर्वांत जवळून जातं त्याच पेशी त्याला दाद देत नाहीत. असं का होतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

सोळा अक्षरांची चिठ्ठी

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यातल्या एखाद्या जनुकाची नक्कल एमआरएनएच्या रूपात बाहेर येते आणि ती वाचून पेशी प्रथिन बनवते. नेहमीची औषधं बहुतेक वेळा तयार झालेल्या प्रथिनाशी झुंजतात. ऑलिगोन्यूक्लिओटाइड त्याच्या आधीच हात घालतं, म्हणजे नक्कलच वाचू देत नाही. नाव लांबलचक असलं तरी अर्थ साधा आहे. 'ऑलिगो' म्हणजे थोडे, आणि न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनए-आरएनएचं एकेक अक्षर. थोड्या अक्षरांची चिठ्ठी. पुढे नुसतं 'ऑलिगो' म्हणू.

किती थोड्या? साधारण १५ ते २५. त्यामागे हिशोब आहे. अक्षरं चारच प्रकारची असल्यामुळे १६ अक्षरांचे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रम होतात, आणि माणसाच्या डीएनएची लांबी आहे साधारण ३०० कोटी अक्षरं. म्हणजे सोळा-सतरा अक्षरं नेमकी लिहिली, तर ती भलत्याच जनुकाशी योगायोगाने तंतोतंत जुळण्याची शक्यता बरीच कमी होते.

चिठ्ठी एमआरएनएला जाऊन चिकटली की पेशीतलीच एक कात्री तो एमआरएनए कापून टाकते. एकपदरी चिठ्ठीसाठी एक कात्री, दुपदरीसाठी दुसरी. दुपदरी प्रकाराला एसआयआरएनए म्हणतात, इन्क्लिसिरान त्यातलंच. त्यामागची यंत्रणा उलगडल्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. या दोन्ही कात्र्या पेशीच्या आत असतात. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरून आहे.

एवढीशी चिठ्ठी, मग अडचण कसली?

एवढीशी वाटते, पण औषधांच्या जगात ती अजस्र आहे. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूचं वजन १८० डाल्टन. (एक डाल्टन म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूएवढं वजन, असं धरून चाला.) गोळीच्या रूपात घ्यायची बहुतेक औषधं ५०० च्या आसपास थांबतात. वीस अक्षरी ऑलिगो जातो सात हजारांच्या घरात, आणि एसआयआरएनए तेरा-चौदा हजारांवर.

वजन एकवेळ निभावलं असतं. खरी पंचाईत विद्युतभाराची. दोन अक्षरांना जोडणाऱ्या प्रत्येक सांध्यावर एक ऋण भार असतो. वीस अक्षरांत एकोणीस सांधे, म्हणजे एकोणीस ऋण भार. आणि पेशीभोवतीचं पटल असतं मेदाच्या दुहेरी पदराचं, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचं. भार असलेली वस्तू मेदात शिरत नाही. त्यातून पेशीचा बाहेरचा पृष्ठभागही बराचसा ऋण भारितच असतो, म्हणजे चिठ्ठीला पटलाजवळ जायलाही अडचण. तेव्हा पटल भेदून थेट आत जाण्याचा मार्ग बंदच समजा.

तरीही ती आत गेली

१९७८ मध्ये हार्वर्डमध्ये पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफनसन यांनी १३ अक्षरांचा डीएनएचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणपेशी वाढत होत्या त्या द्रावात सोडला आणि राउस सार्कोमा नावाच्या विषाणूची वाढ रोखून दाखवली. निष्कर्ष एकच निघत होता की तुकडा आत गेला. अनेक जाणकारांना ते पटलं नाही. इतका भारित रेणू पेशीत जातोच कसा?

पुढच्या काळात उत्तर मिळालं ते थोडं आडवळणाने. साधा डीएनए रक्तात टिकत नाही, विकरं त्याचे बघता बघता तुकडे करतात. यावर रसायनशास्त्रज्ञांचा तोडगा असा की प्रत्येक सांध्यातल्या फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढायचा आणि तिथे गंधकाचा अणू बसवायचा. या रचनेला फॉस्फोरोथायोएट म्हणतात. हेतू फक्त टिकाऊपणाचा होता. पण गंधकामुळे ऑलिगो प्रथिनांना चिकटू लागला. रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटला, म्हणून मूत्रपिंडातून लगेच निसटेनासा झाला. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनाही चिकटला, आणि तिथूनच त्याला आत जायची वाट सापडली. टिकाऊ करायला गेले आणि चिकट झाला. या क्षेत्रातल्या निम्म्या प्रगतीचं मूळ मला तरी या अपघातात दिसतं. चिकटपणाचे तोटेही आहेत. काही गंधकवाल्या ऑलिगोंमुळे रुग्णांच्या प्लेटलेट घटल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इनोटरसेनच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा आहे.

ऑलिगो पेशीच्या कोणत्या प्रथिनाला धरतो? १९८९ मध्ये रक्तकर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका गटाला ८० किलोडाल्टनचं एक प्रथिन सापडलं आणि 'हेच ते दार' असं वाटून गेलं. नंतर दारं सापडतच गेली. केरकचरा उचलणारे रिसेप्टर, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं, आणखी कितीतरी. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं असं प्रथिन, जे बाहेरची ठरावीक वस्तू ओळखून धरतं. ऑलिगोसाठी राखीव असं एकही नाही. जे हाताला लागेल ते तो धरतो.

आणि धरून बसला की पुढचं काम पेशीच करते. पेशीचं पटल स्थिर भिंतीसारखं नसतं. ते सतत आत दुमडतं, दुमडीची पिशवी होते, पिशवी तुटून आत जाते. मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी तर साधारण अर्ध्या तासात आपल्या सगळ्या पटलाएवढं पटल आत ओढते आणि नवं बाहेर पाठवते. पटलाला चिकटलेला ऑलिगो त्या पिशवीबरोबर आत जातो. त्याला पेशीने बोलावलेलं नसतं. नेहमीच्या उलाढालीत तो ओढला जातो, इतकंच.

देवडी

जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा ओलांडला की लगेच चौक लागत नाही. मध्ये देवडी असते. तिथे पहारेकरी बसलेले असतात, आलेल्याला थांबवतात, न्याहाळतात. देवडीत बसलेला पाहुणा दरवाजाच्या आत असतो, पण घरात नसतो.

ती पिशवी म्हणजे पेशीची देवडी. तिला एंडोसोम म्हणतात. ऑलिगोभोवती अजूनही तोच मेदाचा पदर आहे, फक्त आता तो पिशवीचा झाला आहे. कात्र्या त्या पदरापलीकडे आहेत. मुळात जो अडसर होता तो जागचा हललेलाच नाही.

आणि इथे फार वेळ बसूनही चालत नाही. बाहेर रक्ताचा पीएच ७.४ असतो. पिशवी आत सरकते तशी आम्ल होत जाते, आधी सहा-साडेसहा, मग साडेपाचच्या आसपास. शेवटी ती लयकारिकेला जाऊन मिळते. ही पेशीची मोडतोडीची जागा, तिथला पीएच साडेचार ते पाच, आणि विकरं भरलेली. बहुतेक ऑलिगोंचा प्रवास इथेच संपतो.

किती सुटतात? २०१३ मध्ये मेदकणांत भरलेल्या एसआयआरएनएचा सूक्ष्मदर्शकाने माग काढला तेव्हा आकडा आला १ ते २ टक्के. ऐकून हताश व्हायला होतं. पण कात्री एकदा कापून थांबत नाही, तीच चिठ्ठी घेऊन पुढच्या एमआरएनएकडे जाते. त्यामुळे पेशीत काही हजार रेणू सुटले तरी परिणाम दिसतो. शिवाय रासायनिक बदलांनी कणखर केलेले रेणू लयकारिकेतही लवकर मोडत नाहीत. ते देवडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतात आणि एकेक करून आत झिरपतात. इन्क्लिसिरानचं इंजेक्शन सहा-सहा महिने पुरतं त्यामागे हे मोठं कारण आहे.

पेशी चमकली म्हणजे औषध पोहोचलं का?

नाही. आणि बातम्यांत सर्वाधिक घोळ इथेच होतो.

प्रयोग कसा चालतो ते जवळून पाहा. दात्याचं रक्त पातळ करून एका दाट, पारदर्शक द्रावावर अलगद सोडतात. हात जरा हलला तर दोन्ही मिसळतात आणि नळी वाया जाते. मग ती सुमारे अर्धा तास गरगर फिरवायची, आणि थांबवताना ब्रेक लावायचा नाही. यंत्र आपलं आपण मंदावू द्यायचं, नाहीतर थर विस्कटतात. नळी बाहेर काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी, आणि मध्ये धुक्याच्या रेघेसारखं एक पांढरट कडं. ते कडं म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या पेशी: टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट आणि इतर. पिपेटने ते हलकेच ओढून घ्यायचं.

मग चमकणारा रंग जोडलेला ऑलिगो त्यांच्यात मिसळतात, काही तास थांबतात, आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडणाऱ्या यंत्रात चमक मोजतात. समजा शंभरातल्या नव्वद पेशी चमकल्या. याचा अर्थ काय काय असू शकतो? ऑलिगो पेशीच्या बाहेरच चिकटून बसला असेल. आत गेला पण देवडीत असेल. ऑलिगोचे कधीच तुकडे झाले असतील आणि सुटा रंग चमकत असेल. किंवा रंगाचाच रेणू चिकट असेल आणि त्यानेच ऑलिगोला ओढून नेलं असेल.

यावरची एक जुनी युक्ती मला फार आवडते. तोच प्रयोग चार अंश सेल्सिअसला करायचा. थंडीत पटलाची दुमडण्याची हालचाल जवळजवळ थांबते. तिथे जी चमक दिसेल ती बाहेरून चिकटलेल्यांची. ३७ अंशांच्या आकड्यातून ती वजा करा, म्हणजे आत गेलेल्यांचा अंदाज येतो. शिवाय पेशी आम्ल द्रावाने किंवा हेपॅरिनने धुतल्या की बाहेर चिकटलेले बरेच सुटतात. एवढं करूनही देवडीतला कोण आणि चौकातला कोण, हे कळत नाहीच. त्यासाठी चमक बाजूला ठेवून थेट एमआरएनए मोजायचा: कमी झाला की नाही? नव्वद टक्के पेशी चमकल्या आणि एमआरएनए तसूभरही हलला नाही, असं या कामात सहज घडतं.

सगळ्या पांढऱ्या पेशी सारख्याच का?

मुळीच नाहीत. त्या कड्यातल्या मोनोसाइट म्हणजे भक्षक घराण्यातल्या, दिसेल ते गिळणाऱ्या. त्या ऑलिगो भरपूर घेतात. बी पेशीही बऱ्यापैकी घेतात. टी पेशी मात्र हात आखडता घेतात, आणि दुर्दैव असं की उपचारासाठी अनेकदा त्याच हव्या असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण अर्धं दिसतंच. विश्रांतीतली टी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, जवळजवळ सगळी केंद्रकाने भरलेली. भोवती पेशीद्रवाची नुसती कड. पटलाची उलाढाल मंद, देवड्या थोड्या. शत्रूची ओळख पटून ती जागी झाली की फुगते, विभागू लागते, आणि मग तिचं ऑलिगो घेण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे एकाच दात्याच्या, एकाच नळीतल्या टी पेशी आज नाही म्हणतील आणि जागं केल्यावर तीन दिवसांनी हो म्हणतील. कोणत्या अवस्थेतल्या पेशी घेतल्या हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

कोणतंही वाहन न देता नुसता ऑलिगो पेशींबरोबर ठेवून द्यायच्या पद्धतीला २०१० पासून 'जिम्नोसिस' म्हणतात. ग्रीक भाषेत 'जिम्नोस' म्हणजे उघडा. हे काम सबुरीचं. औषधाची मात्रा जास्त लागते, आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. पण शरीरातली परिस्थिती यात जास्त खरी उतरते.

देवडीतले पहारेकरी

यकृताच्या पेशीत देवडी हा नुसता अडथळा असतो. रोगप्रतिकारक पेशीत ती चौकी असते. परका डीएनए किंवा आरएनए ओळखणं हे या पेशींचं कामच आहे. विषाणू बहुधा याच वाटेने येतात, म्हणून पहारेकरी नेमके एंडोसोममध्ये बसवलेले आहेत. त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. तीन, सात आणि आठ क्रमांकाचे आरएनए हुंगतात. नववा डीएनए तपासतो, आणि त्यात सी आणि जी ही अक्षरं शेजारी-शेजारी उघडी सापडली की बोंब ठोकतो. आपल्या डीएनएत या जोडीवर बहुतेक ठिकाणी मिथाइलची छोटी टोपी असते, जीवाणूंच्या डीएनएत बहुधा नसते. ओळख पटते ती त्यावरून.

म्हणजे ऑलिगो पेशीत अडकतो एवढ्यावर भागत नाही. तो शत्रूसारखा दिसला तर पेशी खवळते, आणि रुग्णाला तापासारखी लक्षणं येऊ शकतात. म्हणून औषध बनवणारे अक्षरांना आधीच टोप्या घालतात, साखरेच्या भागात बदल करतात, ती जोडी टाळता आली तर टाळतात. एमआरएनए लशींच्या मागेही याच घराण्यातल्या पहारेकऱ्यांना चुकवण्याची युक्ती आहे. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी ती २००५ मध्ये मांडली आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण काहींनी डाव उलटाही टाकला. पहारेकऱ्याने ओरडावं हाच हेतू असेल तर? हेपॅटायटिस बीच्या हेप्लिसाव्ह-बी या लशीत २२ अक्षरांचा एक ऑलिगो मुद्दाम घातलेला आहे, उघडी सी-जी जोडी असलेला. त्याला आत चौकात जायचंच नाही. देवडीत पोहोचून नवव्या पहारेकऱ्याला डिवचलं की त्याचं काम झालं. अमेरिकेने ही लस २०१७ मध्ये प्रौढांसाठी मान्य केली, आणि जुन्या लशींच्या नेहमीच्या तीन मात्रांऐवजी तिच्या दोन पुरतात.

मग सरळ विजेचा झटका का देत नाहीत?

देतात. पेशी शरीराबाहेर काढून क्षणभर वीज सोडली की पटलाला तात्पुरती छिद्रं पडतात आणि चिठ्ठी देवडी टाळून सरळ आत जाते. २०२३ च्या अखेरीस मान्य झालेल्या सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही उपचारात रक्ताच्या मूळपेशींत डीएनए कापणारी एक वेगळी कात्री आणि तिचा वाटाड्या आरएनए असाच घुसवतात. पण त्यासाठी पेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या, रुग्णाची जुनी अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करायची आणि मग पेशी परत सोडायच्या. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनशी त्याची तुलनाच नको.

मेदाच्या पाकिटात घालून पाठवायचं? तेही करतात. पण रक्तात उतरताच या पाकिटांवर एपोई नावाचं प्रथिन चढतं, आणि यकृत त्यांना आपली समजून उचलून नेतं. २०१८ मध्ये मान्य झालेलं पहिलं एसआयआरएनए औषध, पॅटिसिरान, याच वाटेने यकृतात जातं.

पत्ता लिहायचा? इन्क्लिसिरानवर गॅलनॅक नावाच्या साखरेचा पत्ता आहे. तो वाचणारे रिसेप्टर यकृताच्या एकेका पेशीवर लाखांनी असतात आणि दर काही मिनिटांनी आत-बाहेर करतात. एक टक्का सुटला तरी पुरतो, कारण येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. टी पेशीवर असं गर्दीचं, सतत फिरतं दार नाही. जी ओळखीची दारं आहेत, उदाहरणार्थ सीडी३, ती हाताळणं नाजूक काम. सीडी३ ही टी पेशीची धोक्याची घंटा आहे. औषध आत सोडायला ती ओढली तर पेशी भलत्या वेळी जागी होण्याची भीती.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या सिटी ऑफ होप या संस्थेतल्या संशोधकांनी एक चलाख वाट दाखवली. उघडी सी-जी जोडी असलेल्या ऑलिगोला त्यांनी एसआयआरएनए जोडला. नववा पहारेकरी बाळगणाऱ्या पेशींनी ही जोडगोळी आत घेतली, आणि एसआयआरएनएने आपलं कापण्याचं काम केलं. टी पेशींना मात्र ही वाट फारशी लागू पडत नाही.

माझी जनुकं बदलणार नाहीत ना?

इथे सांगितलेले ऑलिगो आणि एसआयआरएनए एमआरएनएला धरतात, म्हणजे नकलेला. मूळ डीएनएत ते काही लिहीत नाहीत. औषध संपलं की नव्या नकला पुन्हा वाचल्या जाऊ लागतात, म्हणूनच इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. कॅसजेव्ही हा अपवाद. तिथे डीएनए बदलणं हाच उपचार आहे.

उंदरात चाललं, मग माणसात का नाही?

कारण पहारेकऱ्यांच्या नेमणुका वेगळ्या आहेत. उंदरात नववा पहारेकरी मोनोसाइट आणि मॅक्रोफेजसारख्या भक्षक पेशींतही असतो. माणसात तो मुख्यतः बी पेशींत आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक नावाच्या विरळ पेशींत. तोच ऑलिगो उंदरात गहजब करेल आणि माणसात कुजबुजही होणार नाही, किंवा आठव्याच्या बाबतीत नेमकं उलट. म्हणून उंदरातले आकडे हाताशी असले तरी प्रयोगशाळा पुन्हा त्या पांढरट कड्याशी येऊन बसते. आणि तिथेही कालच्या दात्याच्या पेशी आजच्या दात्याच्या पेशींसारख्या वागत नाहीत. मग आणखी चार नळ्या मागवायच्या, द्रावावर रक्त अलगद सोडायचं, ब्रेक बंद आहे ना ते पाहायचं, आणि यंत्र थांबायची वाट बघत बसायचं.